साजूक तूप ते देसी घी

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या छावणीतल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यंदा मोदकांसाठी तूप कुठलं आणलंत?" नारळाबद्दल किंवा गुळाबद्दल एवढी चौकशी कोणी करत नाही. नारळ सदर बाजारात मिळतो, गूळ तर या प्रांताचाच, आणि आंबेमोहोराची पिठी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून येते. तूप मात्र लखनऊत गल्लोगल्ली मिळत असूनही दरवर्षी त्याची चर्चा होते. या चर्चेमागे बराच मोठा इतिहास आहे आणि त्यातला पुष्कळसा आपण राहतो त्याच प्रांतात घडलेला आहे. तो या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

सुरुवात शब्दांपासून करू. आपण 'साजूक तूप' म्हणतो. साजूक म्हणजे ताजे. लोणी शिळे नसावे आणि ते वेळेवर कढवलेले असावे, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा. इथला दुकानदार 'देसी घी' म्हणतो. देसी या विशेषणाचा ताजेपणाशी काही संबंध नाही. हे तूप 'ते दुसरे' नव्हे, एवढेच ते सांगते. ते दुसरे म्हणजे काय, हे पुढे येईलच. पण महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेल्या गृहिणीची पहिली गंमत इथेच होते. ती विचारते, "ताजं आहे का?" आणि दुकानदार शपथेवर सांगतो, "असली है, बहनजी." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे.

दुसरा फरक वापराचा. शिरा, बेसनाचे लाडू किंवा कढीची फोडणी सोडली तर तूप आपल्याकडे मुख्यतः शिजलेल्या अन्नावर पडते. वरणभातावर, पुरणपोळीवर, मोदक फोडून त्याच्या आत. जुन्या पंगतीत भातावर तूप वाढले जाई त्याला 'अन्नशुद्धी' म्हणत आणि ती झाल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. म्हणजे आपले तूप चमच्याच्या मापाचे, पण विस्तवावर न जाता थेट जिभेवर येणारे. उत्तरेत तूप हे अन्न शिजवण्याचे माध्यम आहे. पाण्यात शिजलेले ते 'कच्चा खाना' आणि तुपात तळलेले ते 'पक्का खाना', अशी इथली जुनी विभागणी. कच्चे अन्न जातीच्या आणि चुलीच्या नियमांत अडकलेले, तर पक्के अन्न प्रवासात, यात्रेत, हलवायाच्या दुकानातूनही घेता येणारे. पुरी-कचोरीचा धंदा या भागात एवढा का फोफावला, याचे एक उत्तर या विभागणीत आहे. तूप इथे सोवळ्याचे काम करत होते.

अवधच्या नवाबी स्वयंपाकघरात तर तुपाचे माप आपल्या कल्पनेपलीकडचे. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनऊवर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात गाजीउद्दीन हैदर (कारकीर्द १८१४ ते १८२७) याच्या स्वयंपाक्याची एक हकिकत आहे. हा स्वयंपाकी रोज सहा पराठे करी आणि पराठ्यामागे पाच शेर, म्हणजे रोज तीस शेर तूप उचली. वजीर आगामीर याने जाब विचारला, तेव्हा त्याने समोर पराठे करून दाखवले आणि उरलेले तूप फेकून दिले. एकदा वापरलेले तूप तेलासारखे होते, ते पुन्हा कशाला वापरायचे, असे त्याचे म्हणणे. वजिराने पराठ्यामागे एक शेरावर आणले. पराठे बिघडले. बादशहाने चौकशी केली आणि वजिरालाच फटकावले. तू सारे राज्य लुटतोस, आणि हा माझ्यासाठी थोडे तूप जास्त घेतो तर तुला खुपते, अशा अर्थाचे तो बोलला. शररसाहेबांनी ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली आहे. मला त्यात वेगळेच काही दिसते. तुपाचा हिशेब मागणारा माणूस या प्रांतात फार पूर्वीपासून थप्पड खात आला आहे!

आता आपल्या छावणीकडे येऊ. सध्याची छावणी १८५७ नंतर वसवलेली. त्याआधीची छावणी गोमतीपलीकडे मडियांवला होती. काडतुसांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. नव्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेल्या वंगणात गाय आणि डुकराची चरबी असल्याचा संशय होता. जानेवारी १८५७ मध्येच सरकारने काडतुसे कोरी द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, असा हुकूम काढला. त्याचा उपयोग झाला नाही. कागदच चरबीचा आहे, पिठात हाडांचा चुरा मिसळला आहे, अशा वार्ता पसरत गेल्या. मे १८५७ च्या पहिल्या दोन दिवसांत लखनऊच्या मूसाबागेजवळ ७ व्या अवध इरेग्युलर पलटणीने काडतुसे घ्यायला नकार दिला आणि ३ मे रोजी हेन्री लॉरेन्सने तिची शस्त्रे काढून घेतली. उठावाची कारणे अनेक होती, त्यांत इथे शिरत नाही. तुपाच्या इतिहासासाठी यातली एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्निग्ध पदार्थ कशाचा आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि एकदा शंका आली की वरून आलेल्या खुलाशाने ती जात नाही.

फौजेच्या शिध्यात तूप होतेच. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाच्या शिध्यात आटा, डाळ आणि गुळाबरोबर रोजचे तूप ठरलेले असे. मेसोपोटेमियात कुतचा वेढा पडला (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६), त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी अडकल्या होत्या. वेढा लांबला तसा शिधा कमी होत गेला आणि त्यात तूपही घटत गेले. घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली, तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही. तेव्हा फौजी शिध्यातले दोन औंस तूप ही चैन नव्हती. त्या माणसांच्या आहारातला तो जवळजवळ एकमेव स्निग्ध भाग होता.

गोऱ्या फौजेला स्वच्छ दूध-लोणी मिळावे म्हणून सरकारने १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला पहिला मिलिटरी डेअरी फार्म काढला. पुढे देशभर असे फार्म झाले, लखनऊलाही झाला. छावणीतल्या जुन्या मंडळींना फार्मच्या दुधाची आठवण आहे. ३१ मार्च २०२१ रोजी हे सर्व फार्म औपचारिकरीत्या बंद झाले. खर्चाचा विचार करता निर्णय समजण्यासारखा असेल, पण दूध कुठून येते हे ज्याच्या कुंपणावरून दिसत असे, अशी एक जागा छावणीतून गेली.

नागरी बाजारात भेसळीचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना. संयुक्त प्रांताने, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाने, भेसळीविरुद्ध कायदा १९१२ सालीच केला. १९१७ मध्ये कलकत्त्यात मोठा गहजब झाला. तिथल्या बाजारातल्या तुपात प्राण्यांची चरबी मिसळलेली आढळली. ज्यांनी ते तूप नकळत खाल्ले होते अशा माणसांनी हुगळीच्या काठी प्रायश्चित्ते घेतली, मारवाडी पंचायतीने आपल्याच व्यापाऱ्यांना दंड केला आणि बंगाल सरकारला त्याच वर्षी कायदा दुरुस्त करावा लागला. खाणाऱ्याला चवीवरून काही कळले नव्हते, हे महत्त्वाचे.

चवीवर भरवसा नाही तर कशावर ठेवायचा? १९३७ च्या प्रतवारी कायद्याने या प्रश्नाला 'अॅगमार्क' हे उत्तर दिले, आणि पहिल्या काही वर्षांतच त्यात तूप आले. विशेष प्रतीला लाल आणि सर्वसाधारण प्रतीला हिरवे लेबल. यामागची तपासणी ज्या आकड्यावर चालते त्याचे नाव अवघड आहे, रायशर्ट-माइसल आकडा. अर्थ सोपा आहे. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी आम्ले असतात, ती इतर तेला-चरबीत जवळजवळ नसतात. ती किती आहेत हे मोजायचे. तुपाचा सुगंधही बऱ्याच अंशी अशाच उडणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे आजीचे नाक आणि रसायनशास्त्रज्ञाची नळी तशी शेजारीशेजारीच काम करत होती. फरक एवढाच की नाकाला वास बाटलीतून घालून फसवता येते. यात एक मेख मात्र होती. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचा हा आकडा मुळातच कमी येतो. त्यामुळे कापूस पिकवणाऱ्या भागांतले खरे तूपही खोटे ठरण्याची भीती होती. म्हणून कायद्यात कापूसपट्ट्यांसाठी वेगळे माप ठेवावे लागले. आपल्या विदर्भ-खानदेशच्या मंडळींना हे ऐकून आपले गावचे तूप आठवेल. आणि अॅगमार्कची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे ती आपल्या नागपूरलाच.

आता 'ते दुसरे'. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली घेतले. हॉलंडहून असे घट्ट तेल हिंदुस्थानात येऊ लागले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. डच व्यापाऱ्यांचे 'दादा' हे नाव होते, त्यात लीव्हर कंपनीचा 'ल' घुसवला आणि डालडा झाला, असे सांगतात. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड. हा डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावली नाही असे मध्यमवर्गीय घर त्या काळात विरळाच.

वनस्पती स्वस्त होती आणि टिकत असे. युद्धकाळात दुधातुपाची टंचाई झाली, तेव्हा ती घराघरांत गेली. तिला वाईट म्हणण्याचे त्या वेळी कारण नव्हते. तळणीसाठी गरिबाला काहीतरी हवेच होते. घोटाळा झाला तो तिच्या रूपाने. ती कणीदार आणि पांढरी, अगदी म्हशीच्या रवाळ तुपासारखी दिसे. आपण मराठी माणसांनी तर तिला 'वनस्पती तूप' असे नाव देऊन निम्मी लढाई तिथेच हरली. व्यापाऱ्याने अर्धे हे आणि अर्धे ते मिसळले तर ओळखणार कोण? गांधीजींनी 'हरिजन'मधून तुपाच्या नावाखाली वनस्पती खपवण्यावर टीका केली. वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे मिसळल्यास दिसेल, ही सूचना पुढे आली. रतनज्योत या मुळाच्या रंगाचाही विचार झाला. पण निरुपद्रवी, उष्णतेत टिकणारा आणि सहज काढून न टाकता येणारा रंग काही सापडला नाही. संसदेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालणारे विधेयक आणले, तेही मंजूर झाले नाही.

त्याऐवजी एक हुशारीची तोड निघाली. वनस्पतीत ठरावीक प्रमाणात, पाच टक्के, तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलात असे द्रव्य आहे की त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलवले की खालचा थर लालसर गुलाबी होतो. याला बॉदुइन चाचणी म्हणतात. म्हणजे वनस्पतीला दिसणारा रंग देता आला नाही, म्हणून लपलेला रंग दिला. शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगशाळांत हा प्रयोग पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भेसळ करणाऱ्याने वनस्पतीऐवजी तीळ नसलेले पामतेल किंवा चरबी वापरली, तर गुलाबी रंग येत नाही. रंग आला तर तूप खोटे, पण रंग न आल्याने ते खरे ठरत नाही. डालडाचा मुख्य दोष पुढे निराळाच निघाला. हायड्रोजन मिसळताना तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक असल्याचे सिद्ध झाले आणि जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-वनस्पतीत तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली.

सुट्या मालावरचा विश्वास या शहरांत खरा उडाला तो १९९८ साली. त्या वर्षी सरसोंच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने दिल्लीत आणि आसपास जलोदरासारख्या आजाराची साथ आली, माणसे दगावली. तेल सुटे विकण्यावर बंधने आली. तुपाशी याचा थेट संबंध नाही, पण घाणीवरून बाटली भरून आणणाऱ्या घरांनी त्यानंतर तूपही सीलबंद घ्यायला सुरुवात केली. पाच-सहा घरांनी मिळून पंधरा किलोचा पीपा आणायचा आणि वाटून घ्यायचा, ही छावणीतली जुनी पद्धतही त्याच सुमारास मागे पडली.

उत्तम तूप या प्रांतात होत नाही असे मात्र कोणी समजू नये. आग्रा-इटाव्याकडची भदावरी म्हैस तांबूस रंगाची, दूध बेताचे देणारी, पण त्यात स्निग्धांश नेहमीच्या म्हशीपेक्षा बराच जास्त. त्या भागातले तूप फार पूर्वीपासून नावाजलेले. इटाव्यातूनच १९९७ मध्ये वेगळा झालेला औरैया जिल्हा, राज्य सरकारच्या २०१८ च्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत देशी तुपासाठीच निवडला गेला. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. पानिपतच्या स्वारीत भाऊसाहेबांना पैसा आणि रसद पुरवण्याचे काम ज्या गोविंदपंत बुंदेल्यांवर होते, ते कालपी-इटाव्याच्या बाजूचाच कारभार पाहत. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि रसद तुटली. पुढे काय झाले ते आपण जाणतोच.

लखनऊचा दूध संघ १९३८ सालचा, आणि राज्याचा सहकारी महासंघ १९६२ चा. त्याचे 'पराग' हे नाव इथे घरोघरी आहे. इथे एक गोंधळ नेहमी होतो. मंचरची पराग मिल्क फूड्स ही वेगळी खासगी कंपनी, १९९२ मध्ये निघालेली, आणि तिचे तूप 'गोवर्धन' नावाने येते. पुण्याच्या पाहुण्यांना "पराग आणलंय" म्हटले की ते वेगळेच काही समजतात!

आता घरच्या तुपाकडे. मला वाटते, कुठल्याही चाचणीपेक्षा साधा हिशेब जास्त उपयोगी आहे. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे ७० ग्रॅम स्निग्धांश असतो. काहीही वाया न जाता एक किलो तुपाला चौदा-पंधरा लिटर दूध लागते. घरी ताकात आणि भांड्यांत थोडे जातेच, तेव्हा सोळा-सतरा धरावे. गाईच्या दुधाला पंचवीस लिटरच्या पुढे. डेअरी साय काढलेल्या दुधाची भुकटी विकते, त्यामुळे तिचे तूप दुधाच्या पूर्ण किमतीपेक्षा स्वस्त पडू शकते. पण गाईचे म्हणून विकले जाणारे तूप दहा लिटर दुधाच्या भावात कोणी देत असेल, तर त्यात काय आहे हे विचारायलाच नको.

पिशवीतल्या टोन्ड दुधावर साय धरत नाही, ही तक्रार नव्या सुनांकडून ऐकू येते. त्यात तीन टक्केच स्निग्धांश, मग साय येणार कुठून? होमोजिनाइज्ड दुधावर तर मुळीच नाही, कारण त्यातले चरबीचे कण यंत्राने फोडलेले असतात. साय साठवायची तर गवळ्याचे दूध किंवा साधे फुल क्रीम घ्यावे.

इथल्या शेजारणी बहुधा मलाई साठवून ती थेट कढईत टाकतात. तूप निघते, खाली खव्यासारखा भरपूर चोथा राहतो, त्याची मिठाई होते. आपण सायीला विरजण लावतो, घुसळतो, लोणी धुतो आणि मग कढवतो. दोन्ही तुपे खरीच, पण वासात फरक पडतो. विरजणाने जो आंबूस-गोड सुगंध येतो तो थेट कढवलेल्या मलाईला येत नाही. लखनऊचे हवामान मात्र दोन्ही टोकांना छळते. जानेवारीत विरजण लागत नाही, भांडे आट्याच्या डब्यात किंवा रजईत ठेवावे लागते आणि घुसळताना कोमट पाणी. मे महिन्यात उलट, बर्फ टाकल्याशिवाय लोण्याचा गोळा होत नाही. कढवताना आच मंद हवी. तडतड थांबून वर बारीक फेस आला आणि खालची बेरी बदामी झाली की लगेच उतरवावे. उतरल्यावर विड्याचे पान टाकण्याची पद्धत कित्येक घरांत आहे. रवाळ तूप हवे असेल तर हळूहळू थंड होऊ द्यावे, फ्रिजमध्ये घालू नये. तळाची बेरी साखर घालून मुलांना द्यावी. ती वाटण्यावरून होणारी भांडणे पुण्यात आणि लखनऊत सारखीच.

विकतचे घेताना डब्यावर गाय, म्हैस की मिश्र ते पाहावे, अॅगमार्क आणि अन्न परवाना क्रमांक पाहावा, भरल्याची तारीख पाहावी, आणि 'देसी घी के स्वाद वाला' असल्या शब्दांवर थांबावे. उत्सवाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. 'पूजा घी' म्हणून स्वस्त डबे दुकानात पुढेच मांडलेले असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे खाण्यासाठी नाही. निरांजनात ते घालायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण आरतीच्या घाईत तोच डबा नैवेद्याच्या ताटाजवळ जातो. मंडळाच्या स्वयंपाकघरात या दोन डब्यांसाठी दोन वेगळ्या फळ्या असाव्यात आणि एकावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी.